घोंगडं अंथरणाऱ्या कासच्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. कास, एकीव, आटाळी, कुठल्याही वाडीवस्तीतलं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे. ओळख पटावी म्हणून सांगते. कासचं फुलांचं पठार, गौरी-गणपती बोळवून झाल्यानंतरचा मंगळवार. सकाळचे अकरा वाजले असतील. धुकं इतकं की दहा पावलांवरचं माणूस दिसेना, वरून भुरभुर पाऊस. तुमच्या गळ्यात राखणीची शिट्टी होती आणि डोक्यावर घोंगड्याची खोळ. आणि माझी आई, राखाडी स्वेटर, हातात चार पायांची काठी, रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणत होती, "तुम्ही जाऊन या. मी इथंच थांबते. माझ्यापायी खोळंबा नको."

हा 'खोळंबा' शब्द आईच्या तोंडात कुठून आला ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते तुम्हालाही कळायचं नाही.

आमचे वडील, नाना, साताऱ्यात एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. पगार बेताचा, पण वर्षाच्या चार सहली ठरलेल्या. आषाढ-श्रावणात ठोसेघरचा धबधबा. गौरी बोळवल्या की पुढच्या रविवारी कास. पौषात आईच्या माहेरी, पाटणकडच्या शेतावर हुरडा. आणि मे महिन्यात कोकण. नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की नाना पेन्सिलीनं त्यावर चार गोल करायचे. शिवाय एक लांबोडकी वही होती. तीत प्रत्येक सहलीची एक-दोन ओळींत नोंद. "१९९१, मे, हर्णै. धाकट्यानं पहिल्यांदा समुद्र बघितला. पाय भिजले तसा रडला." "१९९८, ठोसेघर. ताईला दहावीत बहात्तर टक्के. पेढे वर नेले, भिजले." "२०१२, कास. नात पहिल्यांदा हात सोडून चालली." त्याच पानावर खाली लिहिलंय, "पठार जगाच्या यादीत गेलं. आता गर्दी होणार." पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास होतं, ते हेच वर्ष.

आमच्या घरात कुणाचा दात पडला, कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, हे सगळं या सहलींच्या हिशेबानं लक्षात राहतं. भावाला मुलगी झाली ती 'हुरड्याच्या आदल्या दिवशी'. तारीख विचारली तर कुणाला चटकन आठवणार नाही.

गेल्या मार्गशीर्षात नाना गेले. साताऱ्याच्या घराला कुलूप लावून आईला मी पुण्याला आणलं. मे महिना आला तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल नव्हता, पण सहल चुकवायला जीव धजेना. आमच्यात कुणाला नानांसारखं आखता येत नाही, म्हणून एका सहल कंपनीबरोबर कोकणात गेलो. पैसे भरताना मी तीन वेळा सांगितलं होतं की आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, ती हळू चालते. "काही काळजी करू नका मॅडम" असं तीनही वेळा ऐकलं. तिथं पोचल्यावर पहिल्याच ठिकाणी त्यांचा माणूस आईला ओलांडून माझ्याशी बोलला. "यांना गाडीतच बसू दे. सगळ्यांचा खोळंबा होतोय." आई गाडीत बसली. मी तिच्याजवळ थांबायला हवं होतं. मुलं हात ओढत होती, मी उतरले. दीड तासानं परत आलो तेव्हा आई खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसली होती, आणि समुद्र गाडीच्या दुसऱ्या बाजूला होता.

त्यानंतर आई कुठं येईनाशी झाली. खालच्या बागेतसुद्धा नाही.

भाद्रपदात आणखी एक झालं. वर्ष झालं नव्हतं, म्हणून यंदा आमच्याकडे गौरी आल्या नाहीत. ते समजण्यासारखं आहे. पण सोसायटीतल्या बायकांनी आईसमोर गौरीचा विषय काढायचंच बंद केलं. हळदीकुंकवाची बोलावणी यायची ती माझ्या एकटीच्या नावानं, वर "आजींना कशाला दगदग" ही पुस्ती. चाळीसहून जास्त वर्षं जिनं गौरी उभ्या केल्या, तिच्यासमोर गौरीचं नाव घेताना शिकल्यासवरल्या बायका आवाज खाली आणत होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. पेपरात वाचून आम्ही सगळ्यांनी किती कौतुक केलं होतं त्याचं! आमच्या सोसायटीत तसा ठराव करायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, हे लिहिलं पाहिजे.

म्हणून कासला आईला मी जवळजवळ भांडून आणलं. यवतेश्वरचा घाट चढताना ती एक शब्द बोलली नाही. साताऱ्यातून जाताना आमच्या घराच्या गल्लीकडे वळूनही बघितलं नाही. आणि पठाराशी येऊन पुन्हा तेच, मी इथंच थांबते.

ताई, तुम्ही तेव्हा काय केलंत?

तुम्ही मला काही विचारलं नाहीत. माझ्या नवऱ्यालाही नाही. सरळ आईसमोर जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आज्जी, लांबनं बघायचं का जवळनं?" आई गडबडली. तिच्या आवडीचं तिला विचारून किती महिने झाले होते, कोण जाणे. तुम्ही उत्तरासाठी थांबलात. घाई केली नाहीत. मग आई हळूच म्हणाली, "जवळनं बघाया मिळलं तर..."

"मग चला की. पंधरा पावलं हायत. मोजा."

आई मोजत चालली. मला ऐकू येत होतं. बाविसाव्या पावलावर थांबलात तेव्हा आई म्हणाली, "पंधरा म्हणाली होतीस," आणि तुम्ही म्हणालात, "माझी पंधरा, आज्जी." आई हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

वाटेला लागून थोडा उघडा कातळ होता, फूल नसलेला. तुम्ही डोक्यावरचं घोंगडं काढलंत, झटकलंत, दुहेरी घडी केलीत आणि त्या ओल्या जांभ्यावर अंथरलंत. आईला धरून खाली बसवलंत. आणि स्वतः उघड्या डोक्यानं, पावसात, तिच्यासमोर उकिडव्या बसलात.

मी चाळीसेक वर्षं कास बघत आलेय, उभ्यानं. त्या पठारावर साडेआठशेहून जास्त जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत, टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, हे सगळं नानांनी सांगून सांगून मला पाठ आहे. पण ही फुलं वीतभर उंचीची. उभ्या माणसाला तो नुसता रंग दिसतो, गुलाबी, पिवळा, पांढरा. फूल दिसायला त्याच्या उंचीवर यावं लागतं. आई खाली बसली आणि तेरडा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आला. पाकळीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता, वाऱ्यानं हलत होता, पडत नव्हता. शेजारी सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांचे निळे-जांभळे ठिपके. माझ्या मुलाला तुम्ही सांगितलंत की कातळावर माती बोटभर, तीही निकस, म्हणून हे एवढंसं झाड जमिनीतल्या बारीक पिशव्यांत किडे धरून पोट भरतं. तो अजून शाळेत ते सगळ्यांना सांगत फिरतो.

पण आईला तुम्ही माहिती सांगितली नाहीत. तिला तुम्ही विचारलंत. "आज्जी, तुमच्याकडं गौर कशाची असती?"

माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता ही कोसळणार.

"तेरड्याचीच की," आई म्हणाली. "दुसरी कशाची असंल? मुळासकट उपटायचा. मुळं तोडायची न्हाईत, ती गौरीची पावलं." आणि मग ती थांबलीच नाही. ओढ्यावर रोपं कशी धुवायची, हळदीची पानं कशी लावायची, घरी येताना मागं वळून का बघायचं नाही, माहेरच्या सोप्यात गौर आली की तिची आई पावलांवर पाणी कसं घालायची. नानांनी एकदा नोकरीवरून येताना सायकलला तेरड्याची जुडी बांधून आणली आणि मुळं घासून गेली, म्हणून आईच्या सासूबाईंनी त्यांना परत पाठवलं होतं. ही गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होतात. केसांवरून पाणी निथळून कानामागून गळ्यात उतरत होतं, ते पुसायलाही तुम्ही हात हलवला नाहीत.

आई बोलायची थांबली तेव्हा तुम्ही त्या तेरड्याकडे बघून विचारलंत, "मग आज्जी, गौर कशाच्या पावलानं आली?"

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "सोन्याच्या पावलानं आली."

"कशाच्या पावलानं आली?"

"मोत्याच्या पावलानं आली."

आमच्या घरी दरवर्षी उंबऱ्यावर आई विचारायची आणि मी उत्तर द्यायची. यंदा ते राहिलं होतं. पठारावर, रानातल्या न तोडलेल्या तेरड्यासमोर, ते झालं. तुम्हाला आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. आईच्या कपाळाकडे तुमचं लक्ष गेलं असेलही. तुम्ही तरीही विचारलंत, की म्हणूनच विचारलंत, याचा मी दोन महिने विचार करतेय.

मला एवढंच दिसतं की मोठाले शब्द वापरणाऱ्यांनी आईला काचेआड बसवलं, आणि दिवसभर पावसात उभं राहून काम करणाऱ्या बाईनं डोक्यावरचं घोंगडं तिच्याखाली घातलं. सेवा, सुविधा, ज्येष्ठांची काळजी, छापील कागदावर सगळं असतं. समोरच्या म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या मुलांना मध्ये न घालता थेट बोलणं, एवढी साधी माणुसकी कुठल्या कागदावर लिहायची? ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडे असते. तुमच्याकडे आहे, ताई. तुमच्या आईकडून आली असेल, गावाकडून आली असेल, मला माहीत नाही. पण तुम्हाला घडवणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.

नवरा पैसे द्यायला गेला तर तुम्ही घेतले नाहीत. आईनं पिशवीतला बेसनाचा लाडू पुढं केला, तो मात्र तिथंच खाल्लात, अर्धा मोडून माझ्या मुलाला दिलात. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फोटोसाठी फुलांत शिरलं. तुम्ही शिट्टी वाजवत धावलात, आणि धुक्यात दिसेनाशा झालात. घोंगडं परत द्यायला मी तुम्हाला शोधत फिरले. शेवटी तुमच्याच एका सहकाऱ्याकडे ते दिलं. नाव तेव्हाच विचारायला हवं होतं.

परत येताना आई साताऱ्याच्या घरी उतरली. कुलूप तिनं स्वतः उघडलं. नानांची वही ट्रंकेतून काढून पुण्याला आणलीय. पौषातल्या हुरड्याची तारीख तिनं ठरवलीय, भावाला फोन तिनंच केला. पुढच्या भाद्रपदात गौरी साताऱ्याच्या घरी येतील, आणि आईच उभ्या करील. तुम्हाला रीतसर आमंत्रण आहे.

आणि एक. त्या दिवशी घाट उतरताना आई म्हणाली होती, "पोरीचं घोंगडं पार भिजलं गं. लोकरीचं, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत न्हाई. उद्या डोक्यावर काय घेईल?" अजूनही पाऊस आला की तिला तेच आठवतं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तेवढं कळवा, ताई. आई विचारतेय, घोंगडं वाळलं का?

तुमची,
त्या आज्जींची मुलगी