पट्टे रंगवले, रस्ता तसाच राहिला

मा. पालिका आयुक्त यांस,
स.न.वि.वि.

शाळेसमोरच्या चौकात उंच क्रॉसिंग, रस्त्याच्या मधोमध थांबायला बेट आणि पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र सिग्नल देण्याचे आश्वासन आपण दिले होते. गेल्या आठवड्यात ठेकेदार आला, पांढरे पट्टे मारून निघून गेला. परवा त्याच पट्ट्यांवर एका वृद्ध बाईंना गाडीने उडवले. संध्याकाळपर्यंत आपल्या कार्यालयाचा खुलासाही आला: चालकाचा हलगर्जीपणा. हा खुलासा आम्हाला मान्य नाही.

चालक चुकला असेल. माणसे चुकतातच, आणि ती चुकणार हे धरूनच रस्ता आखायचा असतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झिरो' स्वीकारले ते याच पायावर. चूक झाली तरी जीव जाता कामा नये, आणि त्याची जबाबदारी रस्ता आखणाऱ्यावरही आहे.

वेगाचेच पाहा. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला साधारण १४ मीटरवर माणूस दिसला, तर भानावर यायला एक सेकंद गेला तरी कोरड्या रस्त्यावर गाडी माणसाच्या अलीकडे थांबते. ताशी ५० ने येणाऱ्याचे ते १४ मीटर त्या एका सेकंदातच संपतात. ब्रेकवर पाय पडायच्या वेळी माणूस बोनेटवर असतो.

आपण तिथे '३०' चा फलक लावला आहे. पण लेन साडेतीन मीटरची, कोपऱ्याच्या वळणाची त्रिज्या बारा मीटर, समोर सरळ गुळगुळीत डांबर. असा रस्ता चालकाला पळ म्हणतो आणि फलक थांब म्हणतो. चालक रस्त्याचे ऐकतो. लेन तीन मीटरवर आणा, बसची असेल तर थोडी जास्त ठेवा. कोपऱ्याची त्रिज्या चार-पाच मीटर करा, म्हणजे वळणाऱ्या गाडीला वेग सोडावाच लागेल. मोठी बस वळणार नाही ही सबब नेहमी पुढे येते. तिच्यासाठी कोपऱ्यावर खडबडीत दगडाचा बुटका पट्टा द्या. बसचे चाक त्यावरून जाते, मोटारवाला मात्र टाळतो. क्रॉसिंग दहा सेंटिमीटर उचला आणि दोन्ही बाजूंना सौम्य उतार द्या. गाडी आपटणारा, न रंगवलेला उंचवटा नको. रात्री दुचाकीवाला त्यावरून उडतो.

आता सिग्नल. रस्ता चोवीस मीटर रुंद आहे. सेकंदाला १.२ मीटर या ठरावीक चालीने तो ओलांडायला वीस सेकंद लागतात. गुडघे दुखणारे माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालते, त्याला तीस लागतात. सिग्नलची वेळ पुरत नाही म्हणून त्या बाईंनी धावायचे होते का? मधोमध निदान दोन मीटर रुंदीचे बेट असते तर रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता आला असता. रुंदी दोन मीटरच का, तर सायकल किंवा ढकलगाडी त्यात पूर्ण मावली पाहिजे. शिवाय वळणाऱ्या गाड्या सुटण्याआधी पादचाऱ्यांना तीन ते सात सेकंद आधी सोडा. माणूस क्रॉसिंगवर चार पावले पुढे आलेला असला की चालकाला तो दिसतोच. यासाठी फक्त सिग्नलच्या वेळा बदलाव्या लागतात, एक वीटही हलवावी लागत नाही. एवढेही का झाले नाही?

क्रॉसिंगच्या अलीकडे पाच-सहा मीटरपर्यंत पार्किंग बंद हवे. तिथे उभ्या व्हॅनमागचे मूल कुणालाच दिसत नाही. विजेचा खांब पट्ट्यांच्या पलीकडे आहे. त्यामुळे येणाऱ्या चालकाला पादचारी काळ्या सावलीसारखा दिसतो. खांब वाहन येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या अलीकडे असता तर उजेड माणसाच्या अंगावर पडला असता. पट्ट्यांच्या रंगात काचेचे मणी नीट टाकलेले नाहीत, म्हणून रात्री ते चमकत नाहीत. पावसात मात्र निसरडे होतात आणि दुचाकी तिथेच घसरते. पुढे गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर आहेत, सायकलचे चाक सरळ आत जाते. जाळी आडवी बसवायची असते, हे सांगायला पत्र लिहावे लागते.

आणि पादचारी पुलाचे आश्वासन कृपया पुन्हा देऊ नका. खालून बस-ट्रक जायचे म्हणजे पूल सहाएक मीटर उंच होणार. पंधरा सेंटिमीटरच्या हिशेबाने चाळीस पायऱ्या वर, चाळीस खाली. गाड्यांना थांबावे लागू नये म्हणून म्हाताऱ्यांनी आणि गरोदर बायांनी डोंगर चढायचा?

खरे दुखणे एका चौकाचे नाही. पट्टे एका निविदेत, पदपथ दुसऱ्या, दिवे तिसऱ्या, सिग्नल आणखी कुणाकडे. डांबराच्या मापावर बिल निघते; काम झाल्यावर गाड्यांचा वेग कमी झाला का, हे मोजायला कुणी जात नाही. अपघातानंतर चालकाचे नाव लिहिले जाते. कोपऱ्याची त्रिज्या, खांबाची जागा, सिग्नलचे सेकंद लिहिले जात नाहीत. मग पुढचा माणूस तिथेच मरतो. २०२१ साली जगात सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यावर मेली, त्यांत निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर होती. रस्ते मात्र आजही मोटारी किती वेगाने निघून जातील यावर तपासले जातात. ऑस्लोने वेगमर्यादा उतरवल्या, शहराच्या मध्यभागातले पार्किंग काढले, सायकलींना वेगळी जागा दिली. २०१९ साली तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. तिथले चालक काही वेगळ्या हाडामासाचे नाहीत.

सिग्नलच्या वेळा या आठवड्यात बदला. कोपरे आणि बेट आधी सिमेंटचे ठोकळे व लवचिक खांब लावून तात्पुरते करा, वेग मोजा, मग पक्के बांधा. चौकाचा नकाशा मापांसह जाहीर करा आणि त्यावर सही करणाऱ्या अभियंत्याचे नाव व काम पूर्ण होण्याची तारीख लिहा. उत्तरात पुन्हा 'कार्यवाही सुरू आहे' असे आले, तर ते आम्ही उत्तर धरणार नाही.

आपला,
रस्तेरचनेच्या कामातला एक नागरिक