खालच्या मजल्यावरच्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातलं बिऱ्हाड हलवून मुलाकडे नाशिकला गेलात त्या दिवशी दारात टेम्पो, सामान, माणसं. बोलायचं राहूनच गेलं. फोनवर तर तुम्ही आभाराचा 'आ' काढू देत नाही. म्हणून हे उघड पत्र. ज्यांच्या घरात कोणी "धाप लागते गं" म्हणत दिवसभर पलंगावर पडून आहे, त्यांनीही वाचावं.

माझ्या सीओपीडीचं, म्हणजे श्वास अडवणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं, निदान झालं तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न हाच: हिनं तर कधी विडी-सिगरेट ओढली नाही! डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कशावर करायचात? माहेरी चूल, आणि इथे आल्यावर कितीतरी वर्षं दिवाळीच्या ऑर्डरी कोळशाच्या शेगडीवर, तीही मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. चुलीच्या धुरानंही फुप्फुसं अशी होतात आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ते पुष्कळ दिसतं, हे तेव्हा कळलं. फुंकायची तपासणी झाली, तोंडानं औषध ओढायचा पंप सुरू झाला आणि सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, आता आराम करा.

त्या आरामानंच मला बसवलं. सून गुणाची, हातातलं लाटणं काढून घ्यायची. होता होता खोलीतून मोरीपर्यंत गेलं तरी छाती भरून यायला लागली. आलेगेले म्हणायचे, वय झालं, थकवा यायचाच. एका नणंदेनं तर "बरंय बाई तुझं, बसून खायला मिळतं" असंही ऐकवलं.

तुम्ही मात्र पायरीवर बैठक मारलीत आणि विचारलंत, "सकाळपासून सांगा. नेमकं काय करताना दमता?" मी सांगत गेले: अंघोळ, वेणी, दांडीवर कपडे वाळत घालणं, कणीक मळणं. तुम्ही म्हणालात, "बघा, एक तर हात वर उचलायची, नाहीतर ओणवं व्हायची कामं आहेत सगळी." मानेचे आणि खांद्यांचे स्नायू आजारात श्वासाच्या मदतीला आलेले असतात. त्यांनाच दुसऱ्या कामाला लावलं की श्वास उघडा पडतो. इतकं सरळ मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुमचा लोखंडी स्टूल आमच्या मोरीत आला. बसून अंघोळ, आणि नंतर अंग खसखसून पुसण्याऐवजी जाड टर्किशचा गाऊन घालून पाच मिनिटं बसायचं. पाणी आपोआप टिपलं जातं. वेणी घालताना कोपरं टेबलावर. कपड्यांना कमरेइतका बुटका स्टँड. कणीक मात्र मी सोडणार नव्हते, तेव्हा तुम्ही परात टेबलावर ठेवून मला खुर्चीत बसवलंत. यांनी पहिली पोळी तोडत विचारलं, आज कणीक कोणी मळली? मी उत्तर दिलं नाही.

मग श्वास. या आजारात हवा आत जाण्यापेक्षा बाहेर पडायला अडते. जुनी हवा अडकून राहते आणि नवीला जागा उरत नाही. घाबरून भराभर श्वास घेतला की आणखीच अडकते. म्हणून नाकानं दोन अंक मोजत आत, आणि चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार अंक बाहेर. तुमच्या वॉर्डात शिकवायचात तेच. वाड्याच्या त्या उभ्या लाकडी जिन्यावर तुम्ही माझ्या एक पायरी मागे उभ्या राहायचात. थांबून श्वास घ्यायचा, आणि पाय उचलायचा तो श्वास सोडताना. मी दम कोंडून चढले की पाठीवर बोटानं टकटक व्हायची. वर पोचल्यावर पुढे वाकून हात कठड्यावर टेकायचे, म्हणजे खांद्यांना आधार मिळून श्वास खाली बसतो. उत्तरायणला मी अशी थांबत थांबत गच्चीवर गेले. पतंग नाही उडवला, पण फिरकी धरली. उंधियो वाटीभरच घेतला, कारण पोट तुडुंब भरलं की छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा राहत नाही आणि धाप लागते, हेही तुमचंच.

पंपाचं सांगायलाच हवं. जिथून तो दिला तिथे कसा घ्यायचा ते कोणी दाखवलं नव्हतं. अर्धं औषध जिभेवर बसायचं. तुम्ही स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, आणायला लावलात, सावकाश ओढून दहा अंक श्वास धरायला शिकवलंत, आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरल्याशिवाय उठू देत नव्हता.

मंगळ बाजारातून आणलेल्या बॅटरीच्या छोट्या पंख्यावर घरात सगळे हसले होते. तोंडावर, नाकाजवळ वारा आला की धाप सुसह्य होते, हे मी करून पाहिलं तेव्हा पटलं. भाच्यानं ऑक्सिजनचं सिलिंडर आणायचा हट्ट धरला होता. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ असतानाही जीव कासावीस होऊ शकतो, ऑक्सिजन खरोखर कमी असेल तेव्हाच आणि डॉक्टर सांगतील तेवढाच द्यायचा, जास्त झाला तर अशा काही रोग्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून ग्लानी येते, हे तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत. मी असते तर भांडलेच असते.

आणि कमाटीबाग! सयाजीराव महाराजांनी १८७९ साली बाग केली ती लोकांना फिरायला. माझ्यासाठी तिथले बाकच मोलाचे. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, बोलता येईल इतक्याच धापेनं, मग बसायचं. "धाप लागेलच. शून्य ते दहात तीन-चारवर गेली तर चालू द्या, त्यापुढे बसा." पायांत ताकद आली की त्याच चालण्याला हवा कमी लागते. फुप्फुसं माझी तीच आहेत, डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलंय. पण खंडेराव मार्केटात वांगी आता मी स्वतः निवडून घेते. त्या दिवशी दुपारी मात्र कोणाला चहाला बोलवत नाही. दोन्ही झेपत नाही, आणि हे सांगायची लाज तुम्हीच घालवलीत.

फ्रिजवरची तुमच्या अक्षरातली चिठ्ठी अजून तशीच आहे. कफाचा रंग बदलला, धाप नेहमीपेक्षा वाढली, पाय सुजले तर त्याच दिवशी डॉक्टर. ओठ निळसर, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा गुंगी, तर थेट इस्पितळ. सुनेला ती पाठ आहे.

स्टूल परत मागू नका, मिळणार नाही. आणि रावपुऱ्यातल्या एक बाई परवा बाकावर भेटल्या, त्यांनाही हाच आजार. तुमच्याशी बोलायचं म्हणतात. दुपारी चारच्या आत फोन लावायचा नाही, सिस्टर झोपलेल्या असतात, असं बजावून ठेवलंय.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची