कॅराव्हेल कोणाचे?

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. कॅराव्हेल विमानाचे नाक ब्रिटिश आणि इंजिनेही ब्रिटिश, मग त्याला फ्रेंच का म्हणायचे, हा तुझा टोमणा वाचून हसू आले. पण त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही, कारण मला ते विमान आवडते ते नेमके त्याच्या या उसनवारीमुळे.

१९५१ साली फ्रान्सच्या नागरी विमानविषयक समितीने मध्यम पल्ल्याच्या प्रवासी विमानाचे आराखडे मागवले. साठेक प्रवासी, दोन हजार किलोमीटरचा पल्ला आणि ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास वेग, अशी साधारण मागणी होती. तुलूझच्या सरकारी कंपनीत पिएर सात्र आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. फ्रेंच 'अतार' इंजिनाचा जोर बेताचा असल्याने त्यांनी तीन इंजिने योजली आणि तिन्ही शेपटाकडे ठेवली. पुढे रोल्स-रॉइसचे अधिक ताकदीचे 'एव्हॉन' मिळाल्यावर तिसऱ्या इंजिनाची गरज उरली नाही. ते काढून टाकले आणि उरलेली दोन होती तिथेच, धडाच्या मागच्या बाजूंना, राहिली. विमानविद्येतल्या एका मोठ्या कल्पनेचा जन्म असा वजाबाकीतून झाला, याची मला फार गंमत वाटते.

या रचनेमुळे पंख पूर्ण मोकळे राहिले, पुढच्या आसनांवर इंजिनांचा आवाज फारसा येईनासा झाला, आणि एक इंजिन बंद पडले तरी दुसरे मध्यरेषेच्या जवळ असल्यामुळे विमान एका बाजूला फारसे ओढले जात नसे. आडवे शेपूट मात्र इंजिनांच्या झोतातून वाचवण्यासाठी उभ्या शेपटावर वर चढवावे लागले. नाकाचा भाग आणि वैमानिककक्ष डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट या जेट प्रवासी विमानावरून परवान्याने घेतला, कारण सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा नव्याने घडवण्यात वेळ आणि पैसा घालवणे शहाणपणाचे नव्हते. खिडक्या मात्र त्यांच्या स्वतःच्या होत्या. खाली रुंद, वर निमुळत्या आणि कोपऱ्यांना गोलावलेल्या त्या त्रिकोणी खिडक्यांमुळे भोक लहान राहूनही प्रवाशाला खालची जमीन नीट दिसे. मागच्या पोटाखालून उतरणारा जिनाही विमानातच असे, त्यामुळे लहान विमानतळावर बाहेरच्या शिडीसाठी ताटकळावे लागत नसे.

२७ मे १९५५ रोजी पिएर नादो यांनी पहिले उड्डाण केले. १९५९ च्या वसंतात आधी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने आणि थोड्याच दिवसांत एअर फ्रान्सने ते सेवेत आणले. त्याच सुमारास पॅरिसच्या आकाशात खूप उंचावर इंजिनांचा जोर काढून घेऊन ते डीजाँ या फ्रेंच शहरापर्यंत, सुमारे २६५ किलोमीटर, नुसते तरंगत नेण्याचे प्रात्यक्षिक झाले. त्यात जाहिरातबाजी होतीच, पण मोकळ्या पंखांचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. अमेरिकेच्या युनायटेड या विमानकंपनीनेही वीस कॅराव्हेल घेतली आणि न्यूयॉर्क-शिकागो मार्गावर केवळ पुरुष प्रवाशांसाठी असलेल्या खास फेऱ्यांनाही ती लावली. ही प्रथा १९७० पर्यंत टिकली, याचे आज नवल वाटते. एकूण सुमारे २८० विमाने बांधली गेली. तोवर इंजिने मागे ठेवणारी डग्लस या अमेरिकन कंपनीची डीसी-९ आली होती आणि विक्रीत तिने कॅराव्हेलला खूप मागे टाकले.

आपल्याकडे साठच्या दशकात इंडियन एअरलाइन्सची पहिली जेट विमाने हीच होती, आणि मुंबईकर जुन्या पिढीला त्यांचे नाव आठवते ते बहुधा १२ ऑक्टोबर १९७६ च्या रात्रीमुळे. मद्रासकडे निघालेल्या विमानाच्या उजव्या इंजिनातील कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) चकती उड्डाणानंतर लगेच फुटली. तिच्या तुकड्यांनी इंधनाची नळी तुटली आणि आग भडकली. वैमानिक सांताक्रूझला परत वळले होते, पण आगीत हायड्रॉलिक, म्हणजे द्रवदाबाच्या, यंत्रणेतील द्रव संपल्यामुळे अगदी उतरण्याच्या बेतात असताना नियंत्रणच सुटले, आणि विमानातील पंचाण्णवही जण दगावले. कॅराव्हेलची नियंत्रणपृष्ठे, म्हणजे विमान वळवणारे पंख-शेपटावरचे हलते भाग, द्रवदाबावरच हलत. मागे बसवलेल्या इंजिनांना इंधन पुरवायचे तर नळ्या धडातूनच न्याव्या लागत. या रचनेचे गुण मी भरभरून सांगितले, तेव्हा तिची ही दुखरी जागाही सांगायलाच हवी.

त्याच तुलूझमध्ये पुढे एअरबस ए-३०० ची जुळणी झाली, तेव्हा तिची दोन्ही इंजिने पंखांखाली टांगलेली होती. यावरून कॅराव्हेलची कल्पना फसली असे मी म्हणणार नाही. विमाने मोठी झाली, इंजिने जाड झाली, आणि लहान विमानाला शोभणारी मांडणी तिथे परवडेना, इतकेच. खासगी जेट विमानांत ती आजही सर्रास दिसते.

तू उभी हयात द्रवदाबाच्या यंत्रणांवर काम केले आहेस. नियंत्रणांसाठी एकमेकींपासून स्वतंत्र अशा किती यंत्रणा पुरेशा मानाव्यात, आणि त्यांच्या नळ्या एकाच जागेतून नेण्याचा मोह कसा टाळावा, हे मला सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव