काकांना स्टिरॉइड उशिरा का दिलं

नाशिक,
१३ जून २०२१

प्रिय सुधीर,

काल फोनवर तू चिडलास, त्याचा मला राग नाही. मस्कतमध्ये बसून वडिलांच्या कोविडच्या बातम्या ऐकायच्या, कुणालाही जड जाईल. पण "पहिल्याच दिवशी स्टिरॉइड दिलं असतं तर ऑक्सिजन लागलाच नसता" असं तू म्हणालास, ते तसं नाही रे.

पहिल्या आठवड्यात कोविडचा विषाणू पेशींवरच्या एसीई-२ रिसेप्टरला, म्हणजे त्याला चिकटायला मिळणाऱ्या प्रथिनाला, चिकटून आत शिरतो आणि वाढतो. त्याच्याशी लढते ती आपली प्रतिकारशक्ती, आणि स्टिरॉइड तिलाच दाबतं. बहुतेकांचा आजार इथेच ओसरतो. काहींचं मात्र सात-आठ दिवसांनी बिनसतं. विषाणू कमी होत असतो, पण चवताळलेली प्रतिकारशक्ती आपल्याच फुफ्फुसांना सूज आणते. स्टिरॉइडची वेळ ती. गेल्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा झालाच नाही.

काकांचा ताप तिसऱ्या दिवशीच उतरला होता. आठव्या दिवशी गॅलरीत सहा मिनिटं चालवलं, तर ऑक्सिमीटर ९६ वरून ९१ वर. आणि काका म्हणतात, "मला काही होत नाहीये!" धाप लागायच्या आधीच ऑक्सिजन घसरतो, याचीच मला सगळ्यात भीती वाटली. त्या रात्री बेड मिळाला, ऑक्सिजन लागला, तेव्हाच डेक्सा सुरू झालं. ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपायचं, त्याला ते कंटाळायचे, काकू फोनवरून दटावायच्या.

रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी मीही दोन रात्री रांगेत काढल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झालेले दिसले नव्हते, हे नंतर वाचलं. आधी कळलं असतं तरी उभा राहिलोच असतो.

आता काका रोज विचारतात, "हा विषाणू आला कुठून?" डिसेंबर २०१९ मध्ये वुहानला पहिले रुग्ण आढळले. याचे जवळचे भाऊबंद वटवाघळांत सापडलेत. २००२ च्या सार्स साथीचा विषाणूही मुळात वटवाघळांतलाच, उदमांजरांमार्फत माणसांत आलेला. यावेळचा मधला प्राणी अजून हाती लागलेला नाही. काकांचं एवढ्यावर समाधान होत नाही.

स्टिरॉइडने साखर चढली होती. म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, धास्तीने रोज तपासतोय, आज उपाशीपोटी ११२ आहे. लस तीन महिन्यांनी, म्हणजे ऑगस्टमध्ये. संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जायचा हट्ट चाललाय. सध्या गल्लीच्या टोकापर्यंत चालतो आम्ही, ऑक्सिमीटर खिशात ठेवून.

तुझा,
विनय