लिंकरचा ‘डिस्कार्डेड सेक्शन’ संदेश दाबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत मोबाईल आणि एआयबद्दल भरपूर छापून येते. प्रोग्राम तयार होताना आत काय घडते, यावरही कधीतरी जागा द्यावी, म्हणून हे पत्र.

मी वरुड तालुक्यात राहतो आणि डिप्लोमाच्या मुलांना सी++ शिकवतो. आमच्या संत्रापट्ट्यातली ही पोरे बोअरच्या मोटरसाठी कंट्रोलर बनवतात. रात्री लाईन आली की मोटर चालू करायची, फेज गेला किंवा पाणी तुटले की बंद करायची. कामे चांगली करतात. पण गेल्या हंगामात एकाने विकत घेतलेली तयार लायब्ररी जोडली आणि लिंकरने, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने, त्याला अडवले. संदेशाचा मतलब असा होता, की रोडेटा सेक्शनमधून (फाईलमधल्या न बदलणाऱ्या डेटाच्या भागातून) ज्या सिम्बॉलचा, म्हणजे नावाचा, उल्लेख झाला आहे, तो काढून टाकलेल्या (डिस्कार्डेड) सेक्शनमध्ये आहे. पोराने ‘नोइनहिबिट-एक्झेक’ हा पर्याय लावून चूक असतानाही फाईल तयार करून घेतली. विचारले तर म्हणाला, “सर, बोर्ड तर चालून रायला ना!”

चालला, हे खरे. तरी तो पर्याय मी काढायला लावला, आणि का ते इथे सांगतो.

सी++मध्ये इनलाइन फंक्शन किंवा टेम्प्लेट हेडर फाईलमध्ये असते. ते हेडर वापरणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलमध्ये (कंपाइल झालेल्या तुकड्यात) त्याची वेगळी प्रत तयार होऊ शकते. कंपायलर अशी प्रत कॉमडॅट नावाच्या गटात ठेवतो. लिंकर त्या नावाचा पहिला गट ठेवतो आणि नंतर आलेले टाकून देतो. इथपर्यंत सगळे ठीक. प्रश्न टाकलेल्या प्रतीकडे बोट दाखवणाऱ्या रिलोकेशनचा, म्हणजे ‘इथे अमुकचा पत्ता भर’ अशा नोंदीचा आहे. मतदार यादीत एकच माणूस दोनदा आला की एक नोंद वगळतात. ज्या कागदावर त्याचे नाव लिहिले आहे, त्याचे काही बिघडत नाही. ज्यावर नुसता भाग आणि अनुक्रमांक आहे, तो कागद वगळलेल्या ओळीवर जाऊन पडतो. ग्लोबल सिम्बॉल नावाने शोधला जातो, म्हणून ठेवलेल्या प्रतीला आपोआप लागतो. लोकल सिम्बॉल त्याच फाईलच्या त्याच सेक्शनशी बांधलेला असतो. ईएलएफ या ऑब्जेक्ट फाईलींच्या रचनेचा नियमही हेच सांगतो, की गटाबाहेरून गटातल्या लोकल सिम्बॉलचा उल्लेख करू नये.

हा नियम मोडतो कुठे? जुन्या जीसीसी कंपायलरमध्ये फंक्शन गटात जायचे, पण त्याच्या स्विचचा जंप टेबल (कुठल्या केससाठी कुठे उडी मारायची, त्या पत्त्यांचा तक्ता) साध्या रोडेटात राहायचा. फंक्शन टाकले गेले की टेबल मागे उरायचा. त्याला वापरणारे कोडच गेलेले असल्याने पुष्कळदा नुकसान होत नसे. पण हे लिंकरला कळायचा मार्ग नाही. त्याच्या दृष्टीने तो चालू डेटा आहे, आणि तो तक्रार करतो हे योग्यच आहे. टेबलही त्याच गटात ठेवला, तर दोन्ही सोबत राहतात किंवा सोबत जातात.

जीएनयू लिंकर आणखी एक गोष्ट करतो, ती मला पटत नाही. टाकलेला सेक्शन आणि ठेवलेला सेक्शन आकाराने सारखे असले, की उल्लेख ठेवलेल्या प्रतीकडे वळवतो. डीबग माहितीच्या (चुका शोधताना लागणाऱ्या माहितीच्या) बाबतीत तर हे तक्रार न करताच होते. पण सारखा आकार म्हणजे सारखे कोड नव्हे. एक फाईल ‘ओ-टू’ने (वेगासाठी) आणि दुसरी ‘ओ-एस’ने (आकार लहान ठेवण्यासाठी) कंपाइल झाली असेल, तर बाइटांची संख्या योगायोगाने जुळेल आणि आतल्या सूचना वेगळ्याच निघतील. त्यापेक्षा पत्ता मेला आहे, अशी उघड खूण करावी. एलएलडी हा दुसरा लिंकर तेच करतो. चालू सेक्शनमधून असा उल्लेख आला तर एरर देतो. डीबग सेक्शनमध्ये 0 लिहितो, पण ‘डीबग-रेंजेस’ आणि ‘डीबग-लोक’ या पत्त्यांच्या याद्यांमध्ये 1 लिहितो. कारण त्या याद्यांत 0, 0 अशी जोडी आली की यादीच तिथे संपली असे ठरते.

आमच्या कामात हे 0 सुद्धा नडते. ज्या मायक्रोकंट्रोलरची फ्लॅश शून्य पत्त्यापासून सुरू होते, तिथे 0 हा जिवंत पत्ता आहे. जीडीबी हा डीबगर एरवी 0 दिसला की ते फंक्शन टाकून दिलेले समजतो, पण प्रोग्रामचा सेक्शनच शून्यावर असला की त्याला तसे समजता येत नाही. मग ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्याची खूण) एका फंक्शनवर लावायचा आणि दुसरा कुठेतरी व्हेक्टर टेबलवर, म्हणजे फ्लॅशच्या सुरुवातीच्या पत्त्यांच्या तक्त्यावर, लागलेला पाहायचा. एलएलडीत ‘डेड-रिलोक-इन-नॉनअलोक’ हा पर्याय देऊन 0 ऐवजी सर्वांत मोठा पत्ता लिहिता येतो. शून्यावर फ्लॅश असलेल्यांनी तो जरूर वापरावा.

त्या लायब्ररीच्या पुरवठादाराला आम्ही दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. तयार लायब्ररी विकणाऱ्यांना माझे म्हणणे आहे, की कंपायलर कोणता, आवृत्ती कोणती आणि पर्याय कोणते लावले, हे सोबतच्या कागदावर छापा. हे कळले असते, तर पोराने आपल्या फाईली त्याच पद्धतीने कंपाइल करून पाहिल्या असत्या. आणि मुलांनो, हा संदेश आला तर त्यात दिलेल्या दोन्ही ऑब्जेक्ट फाईलींची नावे लिहून घ्या, ‘रीडएल्फ’ या फाईल तपासण्याच्या साधनाला ‘मायनस जी’ देऊन त्यांचे गट तपासा, आणि कोणता सेक्शन गटाबाहेर राहिला ते आधी शोधा.

आपला,
एक वाचक
ता. वरुड, जि. अमरावती