पहिल्यांदा लीडर होणाऱ्या लेकीस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मोहिमेची लीडर म्हणून तुझी निवड झाल्याचं कळलं. ऊर भरून आला. माझं सगळं आयुष्य मोहिमा काढण्यात गेलं, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी एक मनाशी पक्कं कर. तू स्वतः माथ्यावर पोहोचशीलच असं नाही. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे लीडर जॉन हंट शिखरावर गेले नाहीत. २६ मे रोजी शेर्पा दा नामग्यालबरोबर ते ८,३०० मीटरच्या वर ओझी घेऊन चढले, शेवटच्या कॅम्पसाठी सामान तिथे ठेवलं आणि खाली आले. तीन दिवसांनी तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर उभे राहिले. त्याच २६ तारखेला चार्ल्स इव्हान्स आणि टॉम बोर्डिलॉन दक्षिण शिखरावर होते. मुख्य शिखर तिथून जेमतेम शंभर मीटर उंच. बोर्डिलॉनना पुढे जायचं होतं. पण दुपार झाली होती, ऑक्सिजन पुरला नसता. इव्हान्स नको म्हणाले, दोघं परतले. दोन वर्षांनी कांचनजंगा मोहिमेचे लीडर हेच इव्हान्स होते. त्यांची चार माणसं वर गेली आणि सिक्कीममध्ये ते शिखर पवित्र मानतात म्हणून, माथ्यावर पाय न ठेवण्याच्या दिलेल्या शब्दाखातर काही पावलं आधी थांबली. मला हंटपेक्षाही इव्हान्स जास्त जवळचे वाटतात.

तुझं खरं काम संध्याकाळी जेवणाच्या तंबूत असेल. कोणाचं ताट तसंच राहिलं, कोण एरवी बडबडतो आणि आज गप्प आहे, हे बघ. चारचौघांत ‘डोकं दुखतंय का’ विचारलंस तर कुणी हो म्हणणार नाही. प्रत्येकाला शिखर हवं असतं. एकेकट्याला गाठ. उंची बाधल्याची शंका आली तर एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला लाव. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असू शकते. मग सकाळची वाट बघू नकोस, सोबत माणूस देऊन लगेच खाली उतरव. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नकोस. हवा उघडली की लोक घाई करतील, त्यांचं ऐकू नकोस. आणि ओझी वाहणाऱ्यांचे बूट, गॉगल, पांघरुणं स्वतः तपास. ते काम दुसऱ्यावर सोपवायचं नाही.

शिखराच्या दिवसाची परतीची वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर ठरव. वॉकीटॉकीवर ‘अजून अर्धाच तास’ असं ऐकू येईल. त्या पोराने वर्षभर घाम गाळलेला तू पाहिलेला असेल, आणि तरी ‘नाही, फिर मागे’ म्हणावं लागेल. तो रागावेल, कदाचित महिनोन्‌महिने बोलणार नाही. शिखर गाठून उतरताना कितीतरी चांगले गिर्यारोहक गेले, बाळा.

टीमची यादी आणि प्रत्येकाच्या जुन्या दुखण्यांची माहिती जमली की मला पाठव. डॉक्टर कोण येणार, तेही कळव.

तुझी,
आई