हिशेब चुकतो तो आळसाने नव्हे

संपादक महोदय,

माझा धाकटा भाऊ रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात हिशेब लिहितो. दोन वर्षांपूर्वी त्याला नैराश्य आलं. औषधांनी झोप परतली, रडणं थांबलं, आणि घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण बेरजा जुळेनात. आकड्यावर बोट ठेवून तो एकच पान तीन-तीनदा मोजायचा आणि मध्येच हातचा विसरायचा. बसमधून घरी येताना थांबा चुकवायचा. मालक म्हणाले, कामात लक्ष नाही. मीही त्याला तेच बोलले, याचं आज फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदूचे भाग एकमेकांशी जाळ्यांनी जोडलेले असतात. आपण स्वतःच्याच विचारांत असतो तेव्हा एक जाळं जागं असतं. काम हाती घेतलं की ते मागे सरतं आणि लक्ष देणारं जाळं पुढे येतं. नैराश्यात अनेकांच्या बाबतीत ही अदलाबदल अडखळते. मन ताळ्यावर आल्यावरही लक्ष, स्मरण, निर्णय यांतल्या अडचणी बऱ्याच जणांना उरतात.

म्हणून डॉक्टरांना झोप-भुकेबरोबर हेही सांगा, की वाचलेलं लक्षात राहत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.

भावाचे मालक आता गिऱ्हाइकी सुरू होण्याआधी, सकाळच्या शांततेत त्याला वही लिहू देतात. गेल्या आठवड्यात बेरीज पहिल्याच खेपेला जुळली.

– एक बहीण, पंचवटी, नाशिक